पोरांना डिजिटल आर्ट शिकवायचंय? कॉम्प्युटरच्या आधी चादरीचा ग्राफ काढा

सहावी ते आठवीच्या पोरांना डिजिटल मीडिया शिकवायचं ठरलं की शाळेत पहिला प्रश्न येतो तो सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं. पालकांचाही तोच सूर, "मॅडम, पेनवाला टॅब घेऊन देऊ का ह्याला?" मी सगळ्यांना एकच सांगते, आत्ता काहीच घेऊ नका, पहिले दोन-तीन आठवडे गणिताची चौकटीची वही आणि एक काळा स्केचपेन, बास. ११ ते १४ वर्षांच्या पोरांना ॲप चालवायला शिकवावं लागत नाही, फिल्टर कसा टाकायचा, रील कुठं कापायची, गाणं कसं चिकटवायचं हे ती आपल्यालाच शिकवतील. अडतं ते दुसरीकडे. स्क्रीनच्या आत नेमकं काय चाललंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं, आणि ते कळलं नाही की पोरगं दुसऱ्यानं करून ठेवलेली बटणंच दाबत बसतं, मनातलं काही बनवायचं म्हटलं की तिथंच अडकतं.

म्हणून हे सगळं लिहून काढतेय, चित्रकलेच्या सर-मॅडमसाठी, कॉम्प्युटर लॅब सांभाळणाऱ्यांसाठी, आणि सुट्टीत घरी पोरांसोबत काहीतरी करून बघायचंय अशा आई-बाबांसाठी पण.

सगळ्यात मूळ गोष्ट आधी. कॉम्प्युटरला चित्र दिसत नाही आणि गाणं ऐकू येत नाही. त्याच्याजवळ फक्त आकडे असतात, आणि अगदी तळाशी गेलात तर दोनच, ० आणि १. फोटो, आवाज, व्हिडिओ, अक्षरं, मोबाईलमध्ये जे काही आपण बघतो ते आत आकड्यांच्या रांगा म्हणून पडलेलं असतं आणि स्क्रीन त्या रांगा वाचून उजेड पाडते. हे वाक्य फळ्यावर लिहून पोरांना कळत नाही, हातानं करून कळतं. आणि ते हातानं करायला सोलापूरइतकी चांगली जागा मला तरी दुसरी माहीत नाही, कारण आपल्याकडे चादर आहे.

जेकार्डचा, म्हणजे नक्षी विणणारा, माग कधी जवळून बघितलाय का? सोलापूरच्या पूर्व भागातल्या एखाद्या जुन्या कारखान्यात जाऊन उभं राहा. मागाच्या वर एक सांगाडा असतो आणि त्याच्यावरून जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ सरकत असते, प्रत्येक पट्टीला भोकं पाडलेली. जिथं भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, भोक नाही तिथला खालीच राहतो, मधून आडवा धागा सटकन निघून जातो, पट्टी सरकते, पुढची येते. एक पट्टी म्हणजे नक्षीची एक ओळ. भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नसतंच. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जाकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हा माग तयार केला, आणि पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी गणितं करणाऱ्या मशीनचा आराखडा मांडला तेव्हा कार्डांची कल्पना सरळ इथूनच उचलली. बॅबेज यांच्याकडे जाकार्ड यांचाच चेहरा असलेलं, रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्याला जवळपास २४,००० कार्डं लागली होती, आणि जवळ जाईपर्यंत ते छापलेलंच वाटायचं. म्हणजे आकड्यांवरून चित्र काढायचं काम कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधी मागावर सुरू झालेलं आहे.

आता वर्गात काय होतं ते सांगते. मी फळ्यावर चौकटी आखून त्यातल्या काही काळ्या केल्या आणि म्हणलं, ह्या एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. मागच्या बाकावरून एक सातवीतली मुलगी ओरडली, "मॅडम, हे तर आमच्या पप्पांच्या कारखान्यातला ग्राफ हाय की!" बरोबरच होतं तिचं. चादरीवरचा मोर असो नाहीतर फूल, ते आधी ग्राफ पेपरवर चौकटी-चौकटीत निघतं आणि मग त्यावरून कार्डं पंच होतात. दुसऱ्या दिवशी तिनं टाकून दिलेलं एक जुनं कार्ड आणलं, कडा तेलकट झालेल्या, एका टोकाला दोरी अजून अडकलेली. आम्ही ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं, एकानं भोकं वाचायची आणि दुसऱ्यानं फळ्यावर लिहायचं, भोक असेल तर १, नसेल तर ०. पाचेक मिनिटांत फळा आकड्यांनी भरला आणि त्यानंतर बायनरी म्हणजे काय हे मला वेगळं समजवावं लागलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेत, तिथं पुठ्ठ्याची कार्डं नसतात, डिझाइन कॉम्प्युटरच्या फाईलमधून थेट मागाला जातं. पण आत चाललेलं काम तेच, धागा वर की खाली.

तर पहिला प्रोजेक्ट हा. चौकटीच्या वहीत १६ बाय १६ चा चौकोन आखायचा, म्हणजे २५६ घरं. त्यात मोर, विमान, भुईकोट किल्ल्याचा बुरूज, जे वाटेल ते काढायचं, पण घर एकतर पूर्ण काळं नाहीतर पूर्ण पांढरं, अर्धं भरायचं नाही. हा नियम फार महत्त्वाचा आहे, पोरं हमखास तिरप्या रेषेवर अर्धी घरं भरतात आणि तिथंच थांबवायचं, विचारायचं की अर्धं भोक पाडता येईल का कार्डाला. मग दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकानं आपलं चित्र न दाखवता ओळीनं वाचायचं आणि दुसऱ्यानं ऐकून काढायचं. सुरुवातीला पोरं एकेक घर वाचतात, "पांढरं, पांढरं, पांढरं, काळं..." आणि लवकरच कंटाळून आपोआप म्हणायला लागतात, "पांढरे पाच, काळे सहा, पांढरे पाच." १६ शब्दांचं काम तीन तुकड्यांत झालं. हेच कॉम्प्रेशन. फाईल लहान करायच्या पद्धतींपैकी एक पद्धत खरोखर एवढी साधी आहे, आणि ती वर्गातल्या पोरांनी स्वतः शोधलेली असते. आता त्यांना बुद्धिबळाच्या पटासारखं एक काळं एक पांढरं डिझाइन द्या आणि वाचायला सांगा. काहीच बचत होत नाही, परत १६ चे १६ शब्द. कुठलं चित्र लहान फाईलमध्ये बसतं आणि कुठलं नाही, हे सहावीचं पोरगं मग स्वतःच सांगतं.

पुढची पायरी, तोच मोर ३२ बाय ३२ मध्ये काढा. १,०२४ घरं. पिसारा जरा गोल दिसायला लागतो पण काम चौपट होतं, आणि हात दुखायला लागला की रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या घरांची संख्या, फुकट मिळत नाही हे डोक्यात पक्कं बसतं. फुल एचडी म्हणतात ती स्क्रीन १९२० बाय १०८० ची, म्हणजे २०,७३,६०० घरं, हा गुणाकार पोरांकडूनच करून घ्या, आपण सांगू नका.

इथं फ्लेक्सचा विषय काढायचाच. वाढदिवसाचा फ्लेक्स बघितला नाही असं पोरगं आपल्या गावात सापडणार नाही, आणि त्यातले काही चेहरे लांबूनच फाटल्यासारखे का दिसतात हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पाठवतानाच बारीक केलेला असतो, तो दहा फुटांवर ताणला की प्रत्येक पिक्सेल मोठा होऊन डोळ्यावर येतो. म्हणून डिझाइन करणारा सारखा सांगत असतो, ओरिजिनल पाठवा, डॉक्युमेंट करून पाठवा. साध्या ए-फोर कागदावर नीट छापायचं तरी इंचाला ३०० ठिपके धरून साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल लागतात. आणि तरीही त्याच फ्लेक्सवरचं नाव, नक्षी, पक्षाचं चिन्ह एकदम धारदार असतं, ते कसं? कारण ते वेक्टर असतं. वेक्टरमध्ये ठिपके साठवतच नाहीत, कृती साठवतात, मध्यबिंदू इथं, त्रिज्या एवढी, रंग लाल. कंपासनं वर्तुळ काढणाऱ्या पोरांना हे लगेच कळतं, त्रिज्या दुप्पट केली तरी वर्तुळाची कड काही फाटत नाही. फ्लेक्सवाले बहुतेक कोरलड्रॉ वापरतात, शाळेसाठी इंकस्केप फुकट मिळतं आणि मिडल स्कूलला ते भरपूर झालं.

जेपीईजी ह्या फोटोच्या फाईलच्या प्रकाराचं पण इथंच उरकून घेऊ. हा प्रकार फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे तुकडे पाडतो आणि डोळ्याला सहज जाणवणार नाहीत असे बारकावे फेकून देतो, फेकलेलं परत येत नाही. करून बघायचं असेल तर एका फोटोचा स्क्रीनशॉट काढून पुढच्याला पाठवायचा, त्यानं परत स्क्रीनशॉट काढून पुढे, आणि शेवटचा फोटो पहिल्याच्या शेजारी ठेवायचा, अक्षरांच्या कडांना धूळ बसल्यासारखं दिसतं. पीएनजी हा फाईलचा दुसरा प्रकार काही फेकत नाही, त्यामुळे पोरांनी काढलेलं पिक्सेल आर्ट नेहमी पीएनजीतच ठेवा.

रंगांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते कारण इथं पोरांच्या डोक्यातलं आधीचं ज्ञानच आडवं येतं. वॉटर कलरमध्ये लाल आणि हिरवा मिसळला की मळकट तपकिरी होतो, हे त्यांनी शंभरदा केलेलं असतं. आता वर्ग अंधारा करा, तीन मोबाईलचे टॉर्च घ्या, त्यावर लाल, हिरवा आणि निळा जिलेटिन पेपर दोन-तीन थर करून रबरबँडनं लावा आणि पांढऱ्या भिंतीवर लाल-हिरवा उजेड एकावर एक पाडा. पिवळा दिसतो. वर्गात एकदम गलका होतो, कुणालाच खरं वाटत नाही, मग जो तो उठून भिंतीजवळ हात नेऊन सावल्या बघायला लागतो, आणि त्या सावल्यांना परत वेगवेगळे रंग येतात. रंगद्रव्य उजेड खातं, म्हणून रंग मिसळत गेलो की चित्र काळपट होतं. स्क्रीन स्वतःच उजेड देते, म्हणून तिथं मिसळत गेलो की पांढऱ्याकडे जातं. बास, एवढाच फरक, पण तो डोळ्यांनी बघितल्याशिवाय पटत नाही.

लगेच दुसरी गोष्ट करा. मोबाईलवर पूर्ण पांढरा फोटो उघडा आणि बोट ओलं करून पाण्याचा अगदी बारीक थेंब स्क्रीनवर ठेवा, मोहरीएवढा. थेंब भिंगाचं काम करतो आणि त्याच्यात लाल, हिरवे, निळे ठिपके चमकताना दिसतात. पांढरं म्हणून जे आपण बघत होतो तिथं पांढरं काहीच नसतं. प्रत्येक रंगाला ० ते २५५ असा आकडा देतात, तीन रंगांचे मिळून २५६ गुणिले २५६ गुणिले २५६, म्हणजे १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. लाल २५५, हिरवा २५५, निळा ०, म्हणजे भिंतीवरचा तो पिवळा. विंडोजच्या साध्या पेंटमध्ये रंग बदलायच्या खिडकीत हे तीन आकडे टाकता येतात, त्यामुळे लॅबमधल्या जुनाट मशीनवर पण हा खेळ होतो. खरी हळद कागदावर घेऊन शेजारी ठेवायची आणि तिच्या जवळात जवळ जाणारे तीन आकडे शोधायचे, मग बाजरीची कडक भाकरी, मग शेंगा चटणी. चटणीचा रंग लाल नसतो हे तेव्हा कळतं, निळा थोडा घातल्याशिवाय तो येतच नाही, आणि मग हीच पोरं ब्रश घेतात तेव्हा बाटलीतला लाल जसाच्या तसा लावत नाहीत.

लेयर, म्हणजे थर, हा शब्द सगळ्या ॲपमध्ये येतो, त्याला जास्त वेळ लागत नाही. ओएचपी शीट नाहीतर जाड पारदर्शक प्लॅस्टिक घ्या, एका शीटवर आकाश आणि सिद्धेश्वर तलाव, दुसऱ्यावर मंदिर, तिसऱ्यावर माणसं. शीट मागे-पुढे करून बघितलं की झालं. नियम एकच सांगायचा, जे पुढे हलणार आहे किंवा बदलणार आहे ते वेगळ्या लेयरवर.

आता ॲनिमेशन, पोरांचा जीव की प्राण. व्हिडिओ हलत नसतो, एकामागून एक स्थिर चित्रं येतात आणि डोळा-मेंदू मिळून त्यांची हालचाल करतात. सिनेमाला सेकंदाला २४ चित्रं लागतात, शाळेच्या कामाला १२ पुरतात. म्हणजे १० सेकंदांच्या फिल्मला १२० फोटो. हा हिशोब पहिल्याच दिवशी करा, कारण पोरांच्या डोक्यात पाच मिनिटांची फिल्म असते आणि पाच मिनिटांचे ३,६०० फोटो होतात. १५ सेकंदांची गोष्ट पुरे, आणि तेवढ्यात गोष्ट बसवणं हाच खरा अभ्यास आहे.

आमच्या एका ग्रुपनं शेंगदाण्यांची फिल्म केली. शेंगा एकेक करून फुटतात, दाणे रांगेनं चालत उखळापर्यंत येतात, आत उड्या मारतात आणि चटणी होऊन बाहेर. पहिल्या प्रयत्नात दाणे चालतच नव्हते, एका जागेवरून दुसऱ्या जागी गायब होऊन उगवत होते, कारण पोरं दर फोटोला दोन-दोन बोटं सरकवत होती. मग बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढंच सरकवायचं ठरलं. तरीही काहीतरी बरोबर वाटेना. दाणा सुरू होताना आणि थांबताना हळू आणि मध्ये जोरात जायला पाहिजे, कारण कुठलीही वस्तू एकदम वेग घेत नाही की एकदम थांबत नाही. म्हणून सुरुवातीला आणि शेवटी अगदी तीळभर सरकवायचं आणि मध्ये जास्त. एवढ्या एका बदलानं दाणे जिवंत झाले. ॲनिमेटर लोक आयुष्यभर ज्याच्यावर काम करतात ती ही गोष्ट, ती विज्ञानाच्या पुस्तकात वेग आणि त्वरण म्हणून येते, आणि इथं पोरांनी ती शेंगदाण्यावर शिकली.

स्टॉप मोशन, म्हणजे अशी वस्तू सरकवत फोटो काढून केलेली फिल्म, बिघडते ती उजेडामुळे. फोन दर फोटोला आपला आपण उजेड ठरवतो, म्हणून फिल्म लुकलुकते, बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते आधी करायचं. खिडकीचं ऊन सरकतं, त्यामुळे खिडकी बंद करून एक दिवा लावलेला बरा. पंखा बंद, नाहीतर कागद हलतो. आणि युनिफॉर्मचा पांढरा शर्ट, हे कुणाच्या लक्षात येत नाही, वाकलेल्या पोराच्या शर्टवरून उजेड टेबलावर पडतो आणि तो बाजूला झाला की जातो, म्हणून शूटिंगच्या दिवशी गडद कपडे. फोनला स्टँड नसेल तर दोन विटा आणि मध्ये कंपासपेटी, फक्त फोटो काढताना फोनला हात लावायचा नाही, इअरफोनच्या आवाजाच्या बटणानं फोटो निघतो बऱ्याच फोनमध्ये.

ज्यांना शेंगदाणे नकोत त्यांनी मटकीला मोड येताना टिपावं. दादासाहेब फाळके यांनी पूर्ण सिनेमा करायला घेण्याआधी, १९१२ च्या सुमारास, वाटाण्याचं रोप उगवताना असंच थोड्या-थोड्या वेळानं टिपून त्याची छोटी फिल्म केली होती आणि ती दाखवून पैसा उभा केला होता. आपल्याला घरात पडलेला जुना फोन चार्जरला लावून ठेवला तरी जमतं. दर १० मिनिटांनी एक फोटो, ४८ तासांचे २८८, सेकंदाला १२ धरले तर २४ सेकंदांची फिल्म. मध्ये लाईट गेली तर तेवढे फोटो काळे येतील, ते काढून टाकायचे की ठेवायचे हे पोरांना ठरवू द्या, त्याच्यावर वर्गात चांगली चर्चा होते.

आवाजाकडे शाळा बघतच नाहीत आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण आवाजाच्या प्रोजेक्टला खर्च शून्य असतो आणि आपल्या गावात ऐकण्यासारखं खूप आहे. एकाच वर्गात घरी तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणारी पोरं बसतात. आजी-आजोबांना कापडगिरणीबद्दल विचारा, पण कसं विचारायचं ते शिकवावं लागतं. "गिरणीबद्दल सांगा" म्हटलं की दोन वाक्यांत विषय संपतो. "भोंगा झाला की घरात काय चालायचं?" असं विचारलं की आजी थांबत नाही, डबा कोण भरायचं, कोण धावत सुटायचं, पगाराच्या दिवशी काय यायचं सगळं येतं. तेलुगूत बोलली तर तेलुगूतच ठेवा, खाली मराठीत मजकूर द्यायचा, नातवंडानं स्वतः लिहिलेला.

आवाज पण आत आकडेच असतो. सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाच्या लहरीची उंची मोजून लिहिली जाते. ऑडॅसिटी ह्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये लहर मोठी करत गेलात की शेवटी सुटे-सुटे ठिपके दिसतात, हे एकदा दाखवाच. रेकॉर्डिंग घुमत असेल तर खोलीत मऊ काही नाही म्हणून. आपली चादर डोक्यावरून घेऊन आत फोन एक वीतभर लांब धरून बोललं की आवाज एकदम स्वच्छ येतो, जाड विणीत आवाज अडकतो, भिंतीवरून परत येत नाही.

साधनांचं खरं सांगायचं तर एका वर्गात ५०-६० पोरं आणि चालू मशीन मोजकीच, हीच परिस्थिती बहुतेक ठिकाणी आहे. त्यामुळे पाचाचा ग्रुप करून कामं वाटून द्यायची, एक वस्तू हलवणार, एक फोटो काढणार, एक मोजणार आणि लिहिणार, एक उजेड बघणार, एक मागचं चित्र करणार, आणि दर तासाला कामं फिरवायची. फिरवली नाहीत तर ज्याच्या घरी चांगला फोन आहे तोच सगळं करतो आणि मुली मागचं चित्र रंगवत बसतात, हे सगळीकडे होतं आणि ते शिक्षकानंच मोडायला पाहिजे. सॉफ्टवेअर म्हणाल तर चित्राला टक्स पेंट आणि क्रिटा, वेक्टरला इंकस्केप, ॲनिमेशनला पेन्सिल टूडी, आवाजाला ऑडॅसिटी, ही सगळी फुकट आहेत, एकदा इन्स्टॉल केली की इंटरनेट लागत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचं स्क्रॅच, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, २००७ पासून आहे, त्याचीही ऑफलाईन आवृत्ती मिळते, गोष्टीला उत्तर देणारं बटण किंवा खेळ करायचा असेल तर तेच घ्यावं. एका सत्रात दोनाच्या वर सॉफ्टवेअर काढू नका.

आणि चित्रकलेच्या सरांनी हे आपलं काम नाही असं अजिबात समजू नये. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत संकल्पचित्र घेता, त्यात मोकळी जागा किती सोडायची, नक्षी परत-परत कशी बसवायची, कुठला रंग पुढे येतो कुठला मागे जातो हे सगळं शिकवता, डिजिटलमध्ये पोरांचं घोडं अडतं ते इथंच. कॉम्प्युटरच्या सरांना सॉफ्टवेअर माहीत असतं, चांगलं चित्र कशानं होतं हे तुम्हाला माहीत असतं, तेव्हा दोघांनी मिळून तास घ्या.

परवानगीचा विषय कंटाळवाणा वाटतो पण टाळता येत नाही. गूगलवर सापडलेला फोटो फुकटचा नसतो. आपला कॉपीराईट कायदा १९५७ चा, लेखक किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं त्याच्या कामाला संरक्षण असतं. वर्गात शिकता-शिकवताना वापरायला कायद्यात सूट आहे, पण तीच फिल्म शाळेच्या यूट्यूब चॅनेलवर टाकली की प्रकरण वेगळं, तिथं सिनेमाचं गाणं चालणार नाही. सोपा उपाय म्हणजे स्वतःचा फोटो, स्वतःचा आवाज, नाहीतर क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन असलेलं, म्हणजे निर्मात्यानं आधीच वापरायची परवानगी दिलेलं काम, निर्मात्याचं नाव देऊन.

पोरांच्या चेहऱ्याचं तर जास्तच जपायला पाहिजे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूलच धरलंय आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती लागते. त्यामुळे पालकांकडून लेखी घ्या, नुसतं ग्रुपवर विचारू नका. फोटोच्या फाईलमध्ये बऱ्याचदा जागा आणि वेळ पण नोंदलेली असते, फोटोची माहिती उघडून ती पोरांना दाखवा, आपल्या घराचा ठिकाणा फोटोसोबत जातोय हे बघून मोठी माणसं पण दचकतात. कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करायला तिथल्या तिथं शिकवा. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या यात्रेत पोरं फोटो काढणारच, तिथं अनोळखी माणसाचा जवळून चेहरा घ्यायचा तर विचारून घ्यायचा, विचारायला संकोच वाटत असेल तर हात, पावलं, नंदीध्वजाला, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठीला, बांधलेल्या माळा, बाराबंदीच्या, म्हणजे पांढऱ्या अंगरख्याच्या, दोऱ्या हे टिपायचं. खरं सांगते, ते फोटो चेहऱ्यांपेक्षा चांगले येतात.

एआयचं काय, हे आता प्रत्येक पालक विचारतात. चित्र बनवणारं एआय असंख्य चित्रं आणि त्यांची वर्णनं बघून शिकलेलं असतं, ते बहुतेक वेळा मुंग्या आलेल्या टीव्हीसारख्या ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरू करतं आणि आपण दिलेल्या शब्दांकडे बघत तो गोंधळ पायरी-पायरीनं कमी करत नेतं. त्यानं आपलं गाव बघितलेलं नसतं. माझं मत असं की आधी ग्राफ, रंग, फ्रेम हे हातातून गेल्यावरच ते वर्गात आणावं, आणि तेही शिक्षकाच्या मशीनवर, कारण यातल्या बऱ्याच ॲपना वयाची अट असते. सिद्धेश्वर यात्रेचं चित्र मागा आणि ते खऱ्या फोटोशेजारी ठेवा. नंदीध्वज सात असतात, ते केवढे उंच, कसे पेलतात, बाराबंदी कशी दिसते, चित्रात काय चुकलंय ते पोरांनी गोल करून दाखवायचं. मिरवणुकीची ६८ लिंगांची वाट आजोबांचा हात धरून चाललेलं पोरगं भराभर चुका काढतं, आणि चित्र कितीही चकाचक असलं तरी तपासून घ्यायची सवय तिथं लागते.

मार्क देताना चकचकीतपणाला देऊ नका, नाहीतर टेम्पलेट वापरणारा पहिला येतो. मी पोरांना फेकलेली चित्रं, चुकलेले फोटो, ग्राफची पहिली पानं सगळं जपून ठेवायला सांगते आणि तेच आधी बघते. मग समोर बसवून एक छोटा बदल सांगते, हा दाणा जरा हळू चालव, हा पिवळा थोडा भगव्याकडे ने, हा आवाज अर्धा सेकंद उशिरा आण. ज्यानं स्वतः केलंय तो कुठं हात घालायचा हे लगेच ओळखतो, जमलं नाही तरी कशामुळे जमत नाही ते सांगतो, आणि त्याला पण मी पूर्ण मार्क देते.

फाईलींचं शेवटी, पण हे पहिल्या दिवसापासून करायचं. फाईलच्या नावात वर्ग, ग्रुप आणि तारीख टाका, "फायनल" हा शब्द नको. शाळेच्या मशीनवर एक कॉपी आणि पेन ड्राईव्हवर एक, दर तासाच्या शेवटी, कारण बहुतेक पोरांचा फोन हा आईचा किंवा पप्पांचा फोन असतो आणि स्टोरेज भरलं की घरचे पहिल्यांदा शेंगदाण्यांचे १८० फोटोच उडवतात.